मोटारीच्या पुढील कॅम्बर आर्ममधील आवाज : कारणे व शोधाची रीत

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने मोटारीच्या चाकांसंबंधी लेख लिहावा याचे कित्येक सभासद बंधूंस नवल वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या पेढ्यांवरील तरुण मंडळींस मोटार खाली बसवून घेण्याचा व तिला बाहेरचे सुटे भाग लावण्याचा छंद जडला आहे. त्यापाठोपाठ पुढील चाकांतून नाना प्रकारचे आवाज येऊ लागतात व ते बंद करण्यासाठी घरातील वडीलधाऱ्यांच्या खिशास हात घालावा लागतो. गॅरेजमध्ये एकामागून एक भाग बदलले जातात, बिले येत राहतात, आणि आवाज जेथल्या तेथे राहतो. शिवाय हा प्रश्न नुसत्या कानाच्या त्रासाचा नव्हे. बेळगावकडील आमची पुष्कळ कुटुंबे चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या घाटाने नित्य खाली उतरतात. ज्या आवाजाचे मूळ एखाद्या सैल बोल्टात आहे, तो आवाज टेपरेकॉर्डर मोठा लावून झाकावा आणि मुलाबाळांसह घाट उतरावा, हे आम्हांस मान्य नाही. यास्तव या विषयाचा आम्ही जो थोडाबहुत अभ्यास केला व एका वृद्ध मिस्त्रींच्या हाताखाली उभे राहून जे पाहिले, ते येथे मांडीत आहो.

प्रथम कॅम्बर म्हणजे काय ते पाहू. मोटारीच्या समोर उभे राहून चाकाकडे पाहिले असता चाक अगदी उभे नसून किंचित कललेले असते. वरचा भाग आत, इंजिनाकडे, झुकलेला असेल तर त्यास उणा कॅम्बर म्हणतात व बाहेर झुकलेला असेल तर अधिक कॅम्बर. काही मोटारींच्या पुढील प्रत्येक चाकास वर एक व खाली एक असे दोन आर्म धरून असतात. या रचनेस दुहेरी विशबोन म्हणतात. आपल्याकडील टोयोटा इनोव्हा या गाडीची पुढील रचना अशीच आहे. होंडा अॅकॉर्डचीही २०१२ पर्यंतच्या पिढ्यांत अशीच होती. यात वरचा आर्म खालच्यापेक्षा आखूड ठेवलेला असतो. त्यामुळे चाक वर उचलले गेले की त्याचा माथा आत ओढला जातो. वळणावर टायर रस्त्यास नीट चिकटून राहावा म्हणून कारखानदाराने हे मुद्दाम केलेले असते. पण मालकाने आखूड स्प्रिंगा घालून गाडीच दीड इंच खाली आणली, तर चाक जणू कायमचेच वर उचललेल्या स्थितीत राहते आणि माथा कायमचाच आत कलतो. मग टायरची आतील कड झिजू लागते. ही झीज थांबविण्यासाठी लांबी कमीजास्त करता येईल असा वरचा आर्म बाजारातून आणून बसवितात. तोच हा कॅम्बर आर्म.

ज्या गाड्यांस पुढे दुहेरी विशबोन नसून मॅक्फर्सन पद्धतीची रचना आहे, म्हणजे आपल्याकडील बहुतेक लहान गाड्या, त्यांस वरचा आर्मच नसतो. त्यांच्या मालकांनी हा लेख केवळ माहितीखातर वाचावा. त्यांचे आवाज निराळे व त्यांची दुखणीही निराळी.

येथेच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण तिने पुष्कळांचा खर्च वाचेल. टायरची आतील कड झिजली की टायरवाला लगेच कॅम्बरकडे बोट दाखवितो. परंतु गाडी खाली आणली की कॅम्बरबरोबर चाकांचा टो, म्हणजे दोन्ही चाके पुढून आत वळली आहेत की बाहेर, हाही बदलतो, आणि टायर लवकर खाण्यात कॅम्बरपेक्षा टोचा वाटा बहुधा मोठा असतो. टो टाय रॉडवर बांधता येतो. त्यासाठी नवा भाग घ्यावा लागत नाही. सबब कॅम्बर आर्म विकत घेण्यापूर्वी टो तपासून बांधून घ्यावा व दोन-तीन हजार किलोमीटर चालवून झीज पाहावी. कित्येकदा त्यावरच काम भागते.

आता आर्म बसविलाच आहे व आवाज येतो आहे, असे धरून चालू. या आर्मच्या आतील टोकास गाडीच्या सांगाड्यात बसणारे दोन बुश असतात आणि बाहेरील टोकास चाकाच्या नकलला धरणारा बॉल जॉइंट असतो. मूळच्या आर्ममध्ये बुश रबराचे असतात. बाहेरच्या आर्ममध्ये बहुधा पॉलियुरेथेनचे, तर शर्यतीच्या थाटाच्या काही आर्ममध्ये रबर मुळीच नसून लोखंडी गोल बेअरिंग असते. लांबी बदलण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. एकीत बॉल जॉइंट खाचा पाडलेल्या पट्टीवर सरकतो व बोल्टांनी आवळून ठेवतात. दुसरीत आट्यांचा दांडा फिरवून लांबी कमीजास्त करतात व लॉकनटने बंद करतात. आपल्या गाडीत यांपैकी कोणती तऱ्हा आहे हे ठाऊक असल्याशिवाय शोधास आरंभ करू नये. जेवढे सांधे, तेवढ्या आवाजाच्या जागा.

आवाजाची जात ओळखणे हे निम्मे काम होय. कोरड्या दरवाजाच्या बिजागरीसारखा कुरकुर आवाज हळू चालताना, उंचवट्यावरून जाताना येत असेल आणि पाऊस पडला की तो नाहीसा होत असेल, तर पॉलियुरेथेनचा बुश कोरडा पडला आहे किंवा बाजूने चेपला जात आहे असे समजावे. ब्रेक लावताना एकदा आणि पुन्हा गाडी पुढे घेताना एकदा असा ‘टक्’ आवाज येत असेल, तर कोठेतरी लोखंड लोखंडावर सरकत आहे. सरकत्या पट्टीचा बोल्ट, लॉकनट किंवा आतील बुशाचा बोल्ट यांपैकी एक. बारीक खडीच्या रस्त्यावर सतत खडखड येत असेल तर गोल बेअरिंग झिजलेले असू शकते. मात्र हीच खडखड स्टॅबिलायझर लिंकचीही असते, आणि ती आर्मपेक्षा अधिक वेळा गुन्हेगार ठरते. मोठ्या खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर एकच दणका बसत असेल तर आर्म सांगाड्यावर आदळतो काय ते पाहावे. गाडी उभी असताना नुसते स्टिअरिंग फिरविले तरी आवाज येत असेल, तर या रचनेत स्प्रिंग चाकाबरोबर फिरत नसल्याकारणाने बॉल जॉइंट व टाय रॉडची टोके यांजकडे लक्ष द्यावे.

हे सर्व वाचून वाचकास वाटेल की आता निदान झालेच. तसे नाही. लोखंडी सांगाडा आवाजास इकडून तिकडे नेतो. डावीकडील ठोका बसणाऱ्यास उजवीकडे ऐकू येतो. आम्ही ज्वारीची परीक्षा एका पोत्यात नळी खुपसून करीत नाही, थप्पीच्या चारी अंगांनी नमुना काढतो. येथेही तसेच करावे लागते.

आमच्या पुतण्याच्या गाडीचे उदाहरण सांगतो. गाडी दुहेरी विशबोनची, आखूड स्प्रिंगांनी खाली आणलेली, वर सरकत्या पट्टीचे कॅम्बर आर्म व पॉलियुरेथेनचे बुश. पावसाळा संपला व आवाज सुरू झाले. एका गॅरेजने दोन्ही स्टॅबिलायझर लिंक बदलल्या, नंतर शॉकअब्सॉर्बरची वरची रबरे बदलली, आवाज राहिला. तिसऱ्या खेपेस पूर्ण स्टिअरिंग रॅक बदलावा असा सल्ला मिळाला, तेव्हा आम्ही गाडी आमच्या ओळखीच्या वृद्ध मिस्त्रींकडे नेली.

मिस्त्रींनी पाना उचलला नाही. प्रथम प्रश्न विचारले. आवाज थंड गाडीत येतो की तापल्यावर? ब्रेकवर येतो की वळणावर? पावसाळ्यात येत होता का? या शेवटच्या प्रश्नास पुतण्याने “नाही, काका, पावसात गाडी अगदी गप्प होती,” असे उत्तर दिले, तेव्हा मिस्त्री आमच्याकडे वळून म्हणाले, “शेटजी, मग एक आवाज नव्हे. दोन आहेत, कदाचित तीन. पाण्याने गप्प बसणारा निराळा आणि न बसणारा निराळा.” पुढे ते स्वतः मागच्या आसनावर बसले, काचा खाली केल्या आणि एका लांब कंपाउंडच्या भिंतीशेजारून गाडी सावकाश चालवावयास लावली, प्रथम भिंत डावीकडे ठेवून व नंतर उजवीकडे. भिंतीवर आपटून परत येणारा आवाज कोणत्या चाकाचा आहे ते स्पष्ट सांगतो. ही युक्ती फुकटची आहे व कोणासही करता येण्याजोगी आहे.

नंतर गाडी खड्ड्यावर घेतली. येथे जॅक न लावता खड्ड्यावर घेण्याचे कारण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जॅक लावला की चाक लोंबकळते, वरच्या आर्मचा कोन बदलतो व सैल भागही ताणाखाली घट्ट वाटतात. रस्त्यावर आवाज करणारी स्थिती ती नव्हे. चाके जमिनीवर असताना एकाने बॉनेटचा कोपरा दाबावा व दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोटे ठेवावीत. सरकणारा सांधा कानाआधी बोटास कळतो. मात्र बोटे आर्म व सांगाडा यांच्या फटीत घालू नयेत.

कुरकुरीसाठी मिस्त्रींनी साध्या पाण्याची फवारणीची बाटली घेतली व चार बुशांपैकी एकेका बुशावर पाणी मारून प्रत्येक वेळी गाडी दाबविली. डावीकडील मागच्या बुशावर पाणी पडताच आवाज थांबला आणि पाणी वाळल्यावर पुन्हा सुरू झाला. गुन्हेगार सापडला. पुष्कळ ठिकाणी याच वेळी गंज सोडविण्याचे तेल मारतात. ते करू नये. ते सर्व बुशांवर पसरते, त्यामुळे शोध बुडतो, आणि शेजारच्या रबरास अशी तेले अपायकारक असतात. पॉलियुरेथेनच्या बुशास सिलिकॉनचे ग्रीस लावावे.

परंतु मिस्त्री ग्रीस लावून थांबले नाहीत. बुश काढून त्यातील लोखंडी नळी व्हर्नियरने मोजली. या नळीचे काम असे की बोल्ट आवळला म्हणजे दाब नळीवर यावा, बुशावर येऊ नये; बुश नळीभोवती मोकळा फिरावा. सबब नळी बुशापेक्षा किंचित लांब पाहिजे. येथे ती बुशापेक्षा सुमारे अर्ध्या मिलिमीटरने आखूड होती. त्यामुळे बोल्ट आवळताच बुश दोन्ही बाजूंनी चेपला जाई व फिरताना ओरडे. नुसते ग्रीस लावले असते तर महिन्याभरात तोच आवाज पुन्हा आला असता. नळी उलट फारच लांब किंवा ब्रॅकेटची फट रुंद असेल तर आर्म आडवा सरकतो व ठोके देतो. आपल्या उद्यमबागेत लेथवर काम करणारे कारखाने भरपूर आहेत. योग्य मापाची नळी दुसऱ्या दिवशी मिळाली.

मूळच्या रबरी बुशाची गोष्ट याच्या उलट आहे. तो फिरत नाही, पिळला जातो. म्हणून त्याचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, नेहमीच्या उंचीवरच आवळावयाचा असतो. चाक लोंबकळत असताना आवळला तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते, करकरते व लवकर फाटते. नव्या आर्ममध्ये रबरी बुश असतील तर बसविणाऱ्यास हे आधीच विचारून घ्यावे. याचे उत्तर ज्यास देता येत नाही, त्यास काम देऊ नये असे आमचे मत आहे.

आता ‘टक्’ आवाज. मिस्त्रींनी सर्व नट व बोल्ट पुसून प्रत्येकावर, नट व पट्टी दोहोंस सांधून, पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढली आणि तीन दिवस गाडी नेहमीप्रमाणे चालवावयास सांगितले. चौथ्या दिवशी पाहिले तो उजव्या आर्मच्या सरकत्या पट्टीवरील रेघ तुटलेली. रेघ खोटे बोलत नाही. बोल्ट सैल होण्याचे कारण काढले तेव्हा असे दिसले की आर्मवरील जाड रंगाचा थर बोल्टाच्या डोक्याखाली व पट्टीच्या मध्ये तसाच होता. आवळताना बोल्ट घट्ट वाटतो. पण दाबाखाली रंग हळूहळू चेपत जातो आणि आवळ निघून जातो. बसणाऱ्या पृष्ठांवरील रंग खरवडून, धातूस धातू भिडवून, आर्मबरोबर आलेल्या कागदावरील मापाप्रमाणे टॉर्क पान्याने बोल्ट आवळले. अंगाच्या जोराने आवळणारा मिस्त्री एकतर कमी आवळतो नाहीतर आटे मारतो. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा टॉर्क पाहावा. नायलॉनचे कडे असलेले नट एकदा काढले की नवे घालावेत. त्यांची किंमत क्षुल्लक आहे.

बॉल जॉइंटविषयी थोडे अधिक लिहितो, कारण जिवाशी गाठ आहे ती येथे. त्याचा दांडा निमुळता असतो व नकलमधील निमुळत्या भोकात पाचरीसारखा बसतो. बाहेरच्या आर्मवरील दांड्याचा निमुळतेपणा मूळच्याहून भिन्न असेल तर तो एका कडेवरच टेकतो, ठोके देतो आणि भोक मोठे करीत जातो. मग नकलच बदलावा लागतो, आणि त्यापूर्वी काय होईल ते सांगता येत नाही. तपासण्याची रीत सोपी आहे. दांड्यास काजळीचा पातळ हात द्यावा, भोकात बसवून थोडा फिरवावा व काढून पाहावा. काजळी सर्व बाजूंनी सारखी पुसली गेली असेल तर बैठक चांगली. एकाच कडेस पुसली असेल तर तो आर्म परत करावा, कोणत्याही युक्तीने बसवू नये. बसविताना दांडा व भोक कोरडे व स्वच्छ ठेवावेत. स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर नट मागे सैल करू नये, पुढे आवळून जुळवावा. सांध्यावरील रबरी टोपी फाटली असेल तर आत धूळ गेली असे समजून सांधाच बदलावा.

आमच्या पुतण्याच्या गाडीत बॉल जॉइंट निर्दोष निघाले; पण तिसरा आवाज, मोठ्या स्पीडब्रेकरवरील दणका, राहिला होताच. डावे चाक काढून मडगार्डच्या आत बॅटरीचा प्रकाश टाकला तेव्हा सांगाड्यावर रंग उडून पत्रा चकाकत असलेली, बोटभर रुंदीची जागा दिसली. आर्म तेथे आदळत होता. गाडी खाली आणल्याने आर्मच्या वरची मोकळी जागा मुळातच कमी झाली होती आणि नव्या आर्मची पट्टी मूळच्यापेक्षा उंच होती. किती जागा उरली आहे हे पाहण्यासाठी मिस्त्रींनी घरातून मळलेली कणीक मागविली. तिचा लिंबाएवढा गोळा त्या जागी चिकटवून गाडी स्पीडब्रेकरवरून नेली. परत येऊन पाहिले तो गोळ्याची कागदासारखी पोळी झालेली. गहू विकण्यात आमचे आयुष्य गेले, परंतु कणकेचा हा उपयोग आम्हांस ठाऊक नव्हता.

आदळण्यावर आर्मपाशी उपाय नसतो. कित्येक लोक सांगाड्याचा पत्रा ठोकून आत दाबतात. तो भाग गाडीचे बळ धरून असतो, त्यास हात लावू नये. मिस्त्रींनी मूळच्या स्प्रिंगा परत घालण्यास सांगितले. पुतण्यास ते रुचले नाही व दोन दिवस घरात थोडी धुसफूस झाली. पण त्याच्या मातोश्रींनी “त्या गाडीत मी गोव्यास येणार नाही,” असे सांगितल्यावर निकाल लागला. मूळच्या स्प्रिंगा घालून पुन्हा कणीक लावली असता गोळा बोटभर जाडीचा शिल्लक राहिला. मूळची उंची परत मिळाल्यावर कॅम्बरही कारखान्याच्या मर्यादेत आला, तेव्हा मूळचे आर्मही बसविण्यात आले. ते आमच्या गोदामात सुतळीच्या गड्ड्यांमागे ठेवलेले होते. म्हणूनच सभासद बंधूंस आग्रहाने सांगतो की काढलेले मूळ भाग भंगारवाल्यास देऊ नयेत. शोधाच्या कामीही त्यांचा उपयोग होतो : कोणत्याही रीतीने आवाजाचा पत्ता लागेना, तर एका बाजूस मूळचा आर्म बसवून, अलाइनमेंट तात्पुरती जुळवून, जवळच्या सपाट रस्त्यावर सावकाश फेरी मारावी. आवाज गेला तर प्रश्न मिटला. राहिला तर आर्म निर्दोष समजून खालचा आर्म, त्याचे बुश व शॉकअब्सॉर्बर यांजकडे वळावे.

ज्यांस बाहेरचे आर्म ठेवावयाचेच आहेत त्यांस दोन गोष्टी सांगावयाच्या राहिल्या. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमाने गाडीतील फेरबदलांवर मर्यादा घातलेल्या आहेत. शिवाय विमा कंपनीस न कळविलेला बदल अपघाताच्या दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरू शकतो. तेव्हा बदल करण्यापूर्वी दोन्हींकडे चौकशी करून उत्तर लेखी घ्यावे. दुसरे असे की कॅम्बर हलविला की टो हलतोच. आर्मचा एकही बोल्ट सैल केला असेल तर अलाइनमेंट पुन्हा करून घ्यावी. आधी कॅम्बर, मग टो, आणि स्टिअरिंग सरळ आहे की नाही ते सर्वांत शेवटी. यंत्रातून निघणारा आकड्यांचा कागद मागून घ्यावा, त्यावर तारीख व किलोमीटर लिहावेत आणि तो गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा. पुढील खेपेस कोणता आकडा हलला हे त्यावरूनच मिस्त्रीस कळते.